हाळ गावचे आकाश : एका विज्ञानकल्पित चित्रपटातील प्रकटनाचा विचार

१

परग्रहावरील बुद्धिमान जीवांशी मानवाचा संबंध आलाच, तर ती वार्ता लोकांना कोणी सांगावी, केव्हा सांगावी आणि कोणत्या शब्दांत सांगावी, हा प्रश्न विज्ञानकल्पित चित्रपट गेली सुमारे पाऊणशे वर्षे हाताळीत आले आहेत. रॉबर्ट वाइज यांच्या ‘द डे द अर्थ स्टूड स्टिल’ (१९५१) या चित्रपटातील पाहुण्याला सर्व राष्ट्रांच्या प्रतिनिधींपुढे बोलावयाचे असते. परंतु बैठक कोठे भरवावी याविषयीही त्या राष्ट्रांचे एकमत होत नाही आणि अखेर त्याला शास्त्रज्ञांच्या एका मेळाव्यावर समाधान मानावे लागते. या परंपरेतील सर्वांत ख्यातनाम कृती म्हणजे स्टीव्हन स्पीलबर्ग यांचा ‘क्लोज एन्काउंटर्स ऑफ द थर्ड काइंड’ (१९७७) हा चित्रपट होय. प्रस्तुत लेखात त्याच चित्रपटाचा विचार करावयाचा आहे.

या निवडीस एक स्थानिक कारणही आहे. या चित्रपटात ‘धरमसाला, उत्तर हिंदुस्थान’ असा निर्देश करून एक प्रसंग दाखविला आहे. तो हिमालयाच्या पायथ्याशी चित्रित झालेला नाही. त्याचे चित्रीकरण मुंबईपासून फार दूर नसलेल्या, खालापूरजवळच्या हाळ या गावी झाले. हा मुलूख तेव्हा कुलाबा जिल्ह्यात होता. त्या जिल्ह्याचे रायगड असे नामांतर पुढे १९८१ मध्ये झाले. म्हणजे आकाशातून आलेल्या संदेशाची सर्वांत विख्यात चित्रकथा ज्या भूमींवर घडली, त्यांत मराठी मुलखाचा एक तुकडाही आहे. मात्र तो परक्या नावाने आहे. ही बाब केवळ कुतूहलाची म्हणून सोडून देता आली असती. परंतु चित्रपटाचे मर्म आणि त्याची उणीव ही दोन्ही याच प्रसंगात एकवटलेली आहेत, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

२

आरंभी काही शब्दांचा विचार करणे अवश्य आहे. लपलेली गोष्ट लोकांना कळणे या एकाच घटनेसाठी मराठीत अनेक क्रियापदे आहेत आणि त्यांची रचना एकसारखी नाही. ‘जाहीर करणे’ या प्रयोगाला कर्ता लागतो, आणि तो कर्ता अधिकारसंपन्न असावा लागतो. सरकार जाहीर करते, विद्यापीठ जाहीर करते. वाटसरू जाहीर करीत नाही, तो फक्त सांगतो. ‘उघडकीस येणे’ या प्रयोगात गोष्ट स्वतःच कर्ता होते आणि ती उघड करणारा माणूस वाक्यातून नाहीसा होतो. ‘बोभाटा होणे’ यात वार्ता पसरते खरी, पण तिची प्रतिष्ठा जाते. ‘गौप्यस्फोट’ हा वृत्तपत्रांनी रूढ केलेला शब्द वार्तेपेक्षा तिच्या आवाजावर भर देतो. ‘दर्शन’ आणि ‘साक्षात्कार’ हे शब्द तर वेगळ्याच प्रांतातले आहेत. तेथे पुरावा मागण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

धर्माबादसारख्या सीमेवरील गावी राहणाऱ्याला हा भेद विशेष जाणवतो. १९५६ पर्यंत हा प्रदेश हैदराबाद संस्थानात, आणि संस्थान विलीन झाल्यानंतर हैदराबाद राज्यात होता. संस्थानाच्या काळी कारभाराची भाषा उर्दू होती आणि घराघरांतून मराठी व तेलुगू बोलली जात होती. ‘जाहीर’ हा मूळचा अरबी शब्द. बाह्य, दृश्य असा त्याचा अर्थ. तो दरबाराच्या भाषेतून आला आणि दरबाराचा अधिकार बरोबर घेऊन आला. गावात मात्र वार्ता पोहोचे ती दवंडीने, तेलुगूत ज्याला ‘चाटिंपु’ म्हणतात तिने. दवंडी देणाऱ्याच्या तोंडी असलेले शब्द त्याचे स्वतःचे नसत. तो केवळ वाहक असे. वार्ता ठाऊक असणे, ती सांगणे, आणि ती सांगण्याचा अधिकार असणे या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हे अशा मुलखातील माणसाला व्याकरण न शिकताही ठाऊक असते.

याच्या जोडीला मराठी वाक्यरचनेचा आणखी एक विशेष लक्षात घेतला पाहिजे. ‘मला दिसले’, ‘मला ऐकू आले’, ‘मला कळले’ या वाक्यांत अनुभव घेणारी व्यक्ती कर्त्याच्या स्थानी नाही. अनुभव तिच्याकडे येतो आणि ती तो स्वीकारते. ‘मी पाहिले’, ‘मी सांगतो’ या वाक्यांत तीच व्यक्ती कर्तेपण घेते आणि विधानाची जबाबदारीही घेते. ‘मला दिसले’ येथून ‘मी सांगतो’ येथवरचा प्रवास व्याकरणात एका विभक्तिप्रत्ययाचा आहे. समाजात तो अतिशय दीर्घ असू शकतो. प्रकटनाविषयीच्या कोणत्याही कथेचा खरा विषय हा प्रवासच असतो, असे माझे प्रतिपादन आहे. गुपित किती मोठे आहे, याला त्या मानाने दुय्यम महत्त्व आहे.

३

या दृष्टीने पाहिल्यास चित्रपटाचा पूर्वार्ध विलक्षण बारकाईने रचलेला दिसतो. मेक्सिकोच्या वाळवंटात, १९४५ मध्ये नाहीशी झालेली विमाने जशीच्या तशी सापडतात. तेथे एक वृद्ध बसलेला आहे. त्याच्या चेहऱ्याची एक बाजू उन्हाने भाजावी तशी भाजली आहे. रात्री सूर्य बाहेर आला आणि आपल्यासाठी गायला, असे तो स्पॅनिशमध्ये सांगतो. त्याचे बोलणे इंग्रजीत आणि इंग्रजीतून फ्रेंचमध्ये जाते, कारण संशोधकांचा प्रमुख लाकोम्ब हा फ्रेंच आहे. ही भूमिका फ्रान्स्वा त्रुफो या विख्यात दिग्दर्शकाने केली आहे. त्याचा दुभाष्या लॉफलिन हा मूळचा नकाशे तयार करणारा. भाषांतर हा त्याचा व्यवसाय नव्हे. चित्रपटाच्या पहिल्याच प्रसंगी साक्षीदार, दुभाष्या आणि श्रोता असे तिघे तीन भाषांत उभे आहेत, ही योजना भाषाभ्यासकाने विसरू नये अशी आहे.

पुढे विमान वाहतुकीच्या नियंत्रणकक्षातील प्रसंग येतो. आकाशात काहीतरी अपरिचित दिसल्याचे वैमानिक बोलून दाखवितात. त्याची अधिकृत नोंद करावयाची आहे काय, असे विचारताच मात्र ते नकार देतात. येथे कोणीही कोणाला धमकावीत नाही. ‘मला दिसले’ असे म्हणावयास वैमानिक तयार आहेत. ‘मी सांगतो’ असे लिहून द्यावयास ते तयार नाहीत. रॉय नियरी हा वीज कंपनीतील कामगार तेवढे धैर्य करतो आणि त्यापायी नोकरी व संसार दोन्ही गमावतो. वायुदलाने साक्षीदारांसाठी भरविलेल्या सभेत हीच गोष्ट निराळ्या रीतीने घडते. लोक बोलू लागतात. तेवढ्यात त्यांच्यातीलच एक वृद्ध, आपण पूर्वी एक केसाळ राक्षसी प्राणीही पाहिला होता, असे सांगतो आणि सर्वांच्या साक्षीचे मोल एका क्षणात नाहीसे होते. जाहीर करण्यासारखे जे होते, त्याचा बोभाटा झाला.

शासनाची लबाडी यानंतर येते. वायोमिंगमधील डेव्हिल्स टॉवर या प्रचंड शिळेच्या परिसरात विषारी वायू पसरल्याची खोटी वार्ता देऊन तेथील जनतेला हलविले जाते. लक्षात घेण्यासारखे हे की, संपूर्ण चित्रपटात अधिकृतपणे जाहीर झालेली मोठी वार्ता एवढी एकच, आणि ती असत्य आहे.

मग शेवटी काय होते? शिळेच्या पलीकडे, रात्रीच्या अंधारात, निवडक शास्त्रज्ञ व सैनिक यांच्यापुढे महाकाय यान उतरते. दिव्यांची आणि सुरांची देवाणघेवाण होते. पूर्वी नेलेली माणसे परत येतात. नियरी यानात चढून जातो. सर्वत्र विस्मय आणि प्रकाश. पण ज्या जनतेला खोटे सांगून घराबाहेर काढले, तिला सत्य कोणीही सांगत नाही. लोकांपासून काहीतरी लपविले जात आहे म्हणून दोन तास संतप्त झालेला प्रेक्षक अखेर समाधानाने उठतो, कारण त्याला स्वतःला दर्शन घडलेले असते. प्रकटनाची मागणी दर्शनाने भागविली जाते. चित्रपटगृहातील श्रोतृवृंदाने पडद्यावरील जनतेची जागा नकळत घेतली आहे, आणि हा बदल इतक्या सुंदर रीतीने घडविला आहे की तो ध्यानीही येत नाही. १९८० च्या आवृत्तीत यानाचा अंतर्भाग दाखविण्यात आला आणि १९९८ च्या आवृत्तीत तो पुन्हा वगळण्यात आला. दोन्ही आवृत्त्यांत जनतेच्या स्थितीत कोणताही फरक पडला नाही. अधिक दाखविणे म्हणजे अधिक सांगणे नव्हे, याचा इतका स्वच्छ पुरावा क्वचितच मिळेल.

४

आता हाळच्या प्रसंगाकडे वळू. विराट जनसमुदाय एक छोटी धून एकसाथ गात बसला आहे. संशोधक ध्वनिमुद्रणाची साधने घेऊन येतात. हे स्वर कोठून आले, असा एक प्रश्न दुभाष्यांमार्फत विचारला जातो. उत्तरादाखल शेकडो हात एकदम वर होतात आणि तर्जन्या आकाशाकडे रोखल्या जातात. दृश्य म्हणून याचा परिणाम जबरदस्त आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही.

धून पाच स्वरांची आहे. जॉन विल्यम्स यांनी योजिलेले ते स्वर आपल्या परिभाषेत रे, ग, सा, मंद्र सा आणि मंद्र प असे होतात. या स्वरांना शब्दार्थ नाही. रोमान याकोबसन यांनी १९६० च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात भाषिक व्यवहाराचे सहा घटक सांगितले. त्यांपैकी ‘संपर्क’ या घटकाशी निगडित असलेले कार्य म्हणजे वाट मोकळी आहे की नाही एवढेच तपासणे. दूरध्वनीवर आपण ‘हॅलो’ म्हणतो, गावात भेटलेल्या माणसाला ‘काय, निघालात?’ असे विचारतो, तेव्हा माहिती मागावयाची नसते. ही धून त्याच जातीची आहे. ‘आम्ही आहोत, तुम्ही आहात काय?’ यापलीकडे तिच्यात काही नाही. परग्रहवासीयांच्या तोंडी इंग्रजी घालण्याचा सोपा मार्ग सोडून दिग्दर्शकाने हा मार्ग पत्करला, याचे श्रेय त्याला दिलेच पाहिजे.

प्रश्न उरतो तो गाणाऱ्या माणसांचा. अमेरिकेतील साक्षीदाराला नाव आहे, घर आहे, नोकरी आहे, बायकोशी झालेले भांडण आहे. त्याला जे कळले ते तो चिखलातून, उशीच्या आकारातून, भिंतीएवढ्या प्रतिकृतीतून व्यक्त करण्यासाठी धडपडतो. हाळच्या पठारावरील समुदायाला यांपैकी काहीच नाही. तो गातो आणि बोट दाखवितो. त्याला दिसले होते, ऐकू आले होते. पण ‘मी सांगतो’ म्हणावयास त्यातील एकही व्यक्ती पुढे येत नाही, कारण पटकथेने तशी व्यक्तीच निर्माण केलेली नाही. गुप्तता पाळणारे शासन येथे नाही, सैनिक नाहीत, खोटी वार्ता नाही. वार्ता उघड्यावर, हजारोंच्या मुखी आहे. तरीही ती जाहीर झालेली नाही, कारण हे लोक ती जाहीर करण्याचे अधिकारी आहेत असे चित्रपटाला वाटतच नाही. त्यांचे गाणे हा त्याच्या दृष्टीने एक ध्वनी आहे, विधान नव्हे.

कुलाब्यातील भूमीला कांगड्याचे नाव देणे याच वृत्तीचे लहानसे लक्षण होय. चित्रीकरणाच्या सोयीसाठी असे करावे लागते, हे मान्य. परंतु एका गावाच्या जागी दुसरे गाव बसविता येते ते केव्हा? त्या गावची बोली ऐकावयाची नसते तेव्हा. कांगडी बोलणारा शेतकरी आणि खालापूरचा ठाकूर किंवा आगरी हे तोंड उघडताच वेगळे ओळखू येतात. तर्जनी वर केलेली असताना मात्र ते सारखेच दिसतात.

५

यानंतरचा प्रसंग आपल्या विभागातील अभ्यासकांनी विशेष लक्ष देऊन पाहावा. धून मुद्रित झाली. ती एका सभागृहात विद्वानांपुढे ऐकविली जाते. लाकोम्ब कोडाय यांच्या संगीतशिक्षणपद्धतीत रूढ असलेल्या हस्तमुद्रांनी एकेक स्वर दाखवितो आणि टाळ्यांचा कडकडाट होतो. ज्यांनी ती धून गायिली त्यांच्यापैकी तेथे कोणीही नाही. हातावर स्वर दाखविण्याची एक प्राचीन रीत भारतात आहे. सामगानातील स्वर बोटांच्या पेरांवर दाखविण्याच्या पद्धतीला नारदीय शिक्षेत गात्रवीणा असे नाव आहे. चित्रपटाने मात्र स्वर हिंदुस्थानातून घेतले आणि हात युरोपातून आणला. एके ठिकाणी सामग्री, दुसऱ्या ठिकाणी ज्ञान, अशी ही विभागणी आहे.

ही विभागणी आपल्याला अपरिचित आहे काय? ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणात मराठीला वाहिलेला सातवा खंड १९०५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील बोलींच्या नमुन्यांसाठी जी कथा प्रामुख्याने योजिली होती ती बायबलातील उधळ्या पुत्राचा दाखला होय. तुलनेच्या सोयीसाठी हे ठीकच होते. पण त्यामुळे बोलणाऱ्याला स्वतःला काय सांगावयाचे होते, हा प्रश्न उपस्थितच झाला नाही. त्याने दुसऱ्याची कथा आपल्या उच्चारांत सांगितली. हैदराबाद संस्थान तर त्या सर्वेक्षणाच्या कार्यक्षेत्रातच नव्हते, म्हणून आपल्या मुलखातील बोलण्याला तेवढेही स्थान लाभले नाही. ग्रिअर्सन यांच्या कार्याची थोरवी यामुळे उणावत नाही. मात्र नमुना गोळा करणे आणि साक्ष ऐकणे या दोन क्रिया एक नव्हेत, हे त्यावरून स्पष्ट होते. अलीकडे डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांच्या सर्वेक्षण-प्रकल्पामुळे मराठीच्या बोलींची मुद्रणे कोणालाही ऐकावयास उपलब्ध झाली आहेत, ही मोठीच प्रगती होय. कारण तेथे बोलणाऱ्याच्या गावालाही सभागृहात प्रवेश मिळतो.

६

एक आक्षेप येथे संभवतो. स्पीलबर्ग यांनी समाजशास्त्राचा प्रबंध लिहिलेला नाही. त्यांचा चित्रपट बालसुलभ विस्मयाचा आहे, तेव्हा त्याच्याकडून जनतेच्या प्रतिनिधित्वाची अपेक्षा करणे अरसिकपणाचे नव्हे काय? याला उत्तर असे की, जनतेचा प्रश्न समीक्षकाने बाहेरून आणलेला नाही. वैमानिकांचा नकार, वायुदलाची सभा, विषारी वायूची खोटी बातमी यांतून तो चित्रपटानेच उभा केला आहे. स्वतः मांडलेला प्रश्न कृतीने अर्ध्यावर सोडला असेल, तर तेवढे म्हणण्याचा अधिकार रसिकालाही आहे.

शिवाय या प्रश्नाची निराळी उत्तरे संभवतात. सत्यजित राय यांनी १९६७ मध्ये लिहिलेल्या आणि कधीही चित्रित न झालेल्या ‘द एलियन’ या पटकथेत यान बंगालमधील एका खेड्याच्या तळ्यात उतरते आणि गावकरी त्याला वर आलेले देऊळ समजतात. त्यांचा समज चुकीचा असेल; पण तो समज आहे, अर्थ लावण्याचा प्रयत्न आहे. केवळ बोट दाखवून ते थांबत नाहीत. डेनी व्हिलनव्ह यांच्या ‘अरायव्हल’ (२०१६) या चित्रपटात तर नायिकाच भाषाशास्त्रज्ञ आहे. युद्ध या अर्थाच्या ‘गविष्टि’ या संस्कृत शब्दाचा अर्थ दुसरा विद्वान ‘वाद’ असा करतो आणि ती ‘अधिक गायींची इच्छा’ असा करते. एवढ्यावरून कोणाला पाठवावयाचे ते ठरते. एका शब्दाचा अर्थ ‘शस्त्र’ की ‘साधन’ यावर पुढे राष्ट्रांची शांतता अवलंबून राहते. अखेर ती चिनी सेनापतीशी त्याच्याच भाषेत बोलते. ‘मला दिसले’ पासून ‘मी सांगते’ पर्यंतचा प्रवास येथे पूर्ण होतो. तथापि याही चित्रपटात जनता दिसते ती दूरचित्रवाणीच्या पडद्यावर भयभीत झालेली गर्दी म्हणूनच. सांगण्याचा अधिकार एका विदुषीला मिळाला. लोकांना तो मिळालेला नाही.

मराठीत जयंत नारळीकर यांनी १९७० नंतरच्या दशकात विज्ञानकथेला प्रतिष्ठा मिळवून दिली. त्यांच्या एका कादंबरीचे ‘प्रेषित’ हे नावच या संदर्भात विचारात घेण्याजोगे आहे. ‘प्रेषित’ हे कर्मणि धातुसाधित आहे: ज्याला पाठविले तो. पाठविणारा कोण, हे शब्दात नाही. ते विचारणे वाचकाकडे सोपविले आहे. आकाशातून येणाऱ्याचे नाव घेतानाच प्रश्न विचारण्याची सोय ठेवणारी भाषा आपल्यापाशी आहे. हाळच्या माणसांना बोलू दिले असते तर त्यांनी कोणता शब्द वापरला असता, हे त्या चित्रपटातून कळण्याचा मार्ग नाही. आणि तो शब्द न मिळणे ही भाषाभ्यासकाच्या दृष्टीने खरी हानी आहे.

७

विवेचनाचा निष्कर्ष थोडक्यात असा. प्रकटन म्हणजे दडविलेल्या माहितीची पेटी उघडणे, अशी सर्वसाधारण समजूत असते आणि या जातीचे बहुतेक चित्रपट तीवरच उभे असतात. ‘क्लोज एन्काउंटर्स’चा पूर्वार्ध ही समजूत ओलांडतो. वार्ता पुष्कळांना ठाऊक असते. ती सांगण्याचा अधिकार मात्र थोड्यांनाच मिळतो, हे सत्य तो दाखवितो. उत्तरार्धात तो या सत्यापासून दूर जातो आणि दर्शनाच्या आनंदात त्याचा विसर पाडतो. त्याची कलात्मक थोरवी आणि त्याची वैचारिक माघार ही दोन्ही मान्य करूनच त्याचे मूल्यमापन झाले पाहिजे.

क्षेत्रकार्यासाठी कंधार, देगलूर, बिलोली अथवा धर्माबाद तालुक्यांत जाणाऱ्या विद्यार्थ्यांना यातून घेण्यासारखे काही आहे. आपल्या नोंदपत्रकात ध्वनी, रूप, शब्द यांसाठी रकाने असतात. बोलणाऱ्याने स्वतःहून काय सांगितले आणि आपण विचारलेला प्रश्न त्याला कसा वाटला, यासाठी एक रकाना वाढवावा. मुद्रण केल्यानंतर ते त्याच गावी पुन्हा ऐकवावे, आणि त्यावर बोलणारा जी दुरुस्ती सुचवील तीही त्याच्या नावानिशी, त्याची संमती घेऊन, नोंदवावी, असे नम्रपणे सुचवावेसे वाटते. या कामाला खर्च फार येत नाही. गावी दुसऱ्यांदा जावे लागते, एवढेच.